पेन खाली ठेवल्यावर

आमच्या शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळात एक रीत होती. बैठकीत एखाद्या माणसाबद्दल बोलणं निघालं, की अध्यक्ष टेबलावर दोन बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, "सर, पेन खाली." सर म्हणजे मी, संस्थेचा सचिव. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. आमच्याकडे सगळे त्याला प्रोसिडिंगच म्हणतात. मी पेनाला टोपण लावून ते वहीशेजारी आडवं ठेवायचो. मग जे काही बोललं जाई ते त्या खोलीचं. पुन्हा पेन उचललं की मी एकच वाक्य लिहायचो, 'सांगोपांग चर्चेअंती सर्वानुमते ठरले की'. सांगोपांग म्हणजे काय ते वहीला कधी कळलं नाही.

ही रीत माझ्या आधीची. पूर्वी म्हणे कोण काय बोललं ते सगळं शब्दन् शब्द लिहीत. एकदा कुणीतरी त्या वहीची नक्कल मिळवली आणि मारुतीच्या पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवली. त्यावरून गावातल्या दोन भावक्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं, ते दहा-बारा वर्षं. तेव्हापासून पेन खाली.

मला या रीतीचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो. तिच्यामुळे चांगलंही झालेलं मी पाहिलंय. आमच्या एका लिपिकाला पिण्याची सवय लागली होती. मंडळात तासभर बोलणं झालं, त्याला रजा देऊन उपचाराला पाठवायचं ठरलं आणि वहीत फक्त रजा मंजूर झाली. तो बरा होऊन आला आणि ताठ मानेनं निवृत्त झाला. हे मी पुढे कितीतरी जणांना सांगत असे, अर्थात लिपिक कोण ते न सांगता. आपण गुपितं सांभाळणारा माणूस आहोत असा माझा स्वतःबद्दल पक्का समज होता. तीस-पस्तीस वर्षं त्याच शाळेत काढली, शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून, आणि निवृत्त झाल्यावर मंडळानं सचिव केलं. गावात कुणी मला रस्त्यात अडवून 'आत काय ठरलं' असं विचारलं, तर मी नुसता हसायचो. त्या हसण्यातही थोडी मिजास होती.

आता बाईंचं सांगतो. बाई गणित-विज्ञान शिकवायच्या. मूळच्या बेलापूरकडच्या. आमच्या प्रवराकाठच्या गावात त्या नोकरीला आल्या तेव्हा मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. त्यांना येऊन वर्ष झालं असेल नसेल. एका दुपारी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेपाशी गेलो तर आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाई जमिनीवर होत्या, हातपाय आखडलेले, डोळे वर गेलेले. मला काहीच सुचेना. आमच्याकडे लोक अशा वेळी नाकाला कांदा लावतात, चप्पल हुंगवतात. मी खरंच कांदा आणायला धावणार होतो. मग त्यांच्या डोक्याखाली माझी पिशवी सरकवली आणि दार आतून लावून बसून राहिलो. दोन-तीन मिनिटांत त्या शांत झाल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "सर, कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. लहानपणापासून फीट येते, गोळ्या चालू आहेत, त्या आठवड्यात गोळ्या संपल्या होत्या आणि आणायला वेळ झाला नाही. गोळ्या त्या दर महिन्याला संगमनेरहून आणत, गावातल्या मेडिकलमधून घेतल्या तर कळेल म्हणून. धाकट्या बहिणीचं जमवायचं चाललं होतं. घराण्यात आजार आहे असं कुणाच्या कानावर गेलं तर ते मोडलं असतं. बाईंनी स्वतः लग्न का केलं नाही, ते मला त्या दुपारी कळलं. मी म्हणालो, "बाई, हे माझ्याजवळच राहील." त्यांनी हात जोडले. मला संकोच वाटला, आणि बरंही वाटलं.

त्यानंतर त्यांना शाळेत कधी फीट आली नाही. वीस वर्षं मी तो शब्द पाळला. बायकोलाही सांगितलं नाही.

माझ्यानंतरचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे होते त्या वर्षीची एप्रिलमधली बैठक. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही सातजण बसलो होतो, वर पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. विषय एकच, जूनपासून मुख्याध्यापक कोण. खरं तर त्यात विषय असायचं कारण नव्हतं. सेवाज्येष्ठता यादीत बाई पहिल्या होत्या आणि नियम असा, की जो ज्येष्ठ त्याचा हक्क. त्याला डावलता येत नाही. त्यानं आपणहून लेखी नकार दिला तरच पुढच्याचा नंबर लागतो. त्या कागदाला नकारपत्र म्हणतात.

बाईंच्या पुढच्या नंबरवर एक तरुण सर होते. वाईट माणूस नव्हे. शाळेच्या नव्या वर्गखोल्यांसाठी नगरला शंभर खेटे घातलेले, सगळ्या साहेबांना नावानिशी ओळखणारे. मंडळातल्या तिघांना ते हवे होते. उरलेल्या तिघांचं म्हणणं, बाईंचा हक्क आहे, बाईंनाच द्या. त्या तिघांत संगमनेरच्या वकीलबाई होत्या, मंडळातली एकुलती एक स्त्री. अध्यक्षांनी बोटं वाजवली. मी पेन खाली ठेवलं. अर्धा तास इकडून तिकडून झालं आणि मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"सर, तुमी काय म्हनता? बाईंना तुमच्याइतकं कुनी वळखत न्हाई."

मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की बाई उत्तम शिक्षिका आहेत आणि उत्तम मुख्याध्यापिका होतील. तेच माझं मत होतं. आजही आहे. मी म्हणालो, "बाई उत्तमच आहेत. फक्त..." आणि थांबलो.

का थांबलो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. बाईंशी माझं वाकडं नव्हतं. त्या तरुण सरांनी मला कधी चहासुद्धा पाजला नव्हता. पण त्या 'फक्त'वर सहाही माना माझ्याकडे वळल्या. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं, वर्गात तर कधीच नाही. दुसऱ्या कुणाला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, याचं एक सुख असतं आणि मला ते फार आवडतं. शिवाय पेन खाली होतं. इथलं बाहेर जात नाही, मग सांगायला काय हरकत आहे, असं मी त्या क्षणी मनाला पटवलं. आणि सांगितलं. प्रयोगशाळा सांगितली, आखडलेले हातपाय सांगितले, संगमनेरच्या गोळ्या सांगितल्या. बहिणीच्या लग्नाचंही सांगितलं, ज्याची कुणाला काही गरज नव्हती.

एकजण म्हणाला, "आरं देवा. अन् पोरांसमोर झालं म्हंजे?" दुसरा म्हणाला, "झेंडावंदनाला झालं तर?" बाईंच्या बाजूचे दोघे खाली बघायला लागले.

वकीलबाई तेवढ्या चिडल्या. "वीस वर्षांपूर्वी एकदा झालं, तेही गोळ्या चुकल्या म्हणून. हे कारण होऊच शकत नाही. आणि तुम्हाला कारणच वाटत असेल तर सर, उचला पेन आणि लिहा. बघू खाली कोण सही करतं ते. नाहीतर बाईंना बोलवा इथं. त्यांच्यामागे त्यांच्याबद्दल बोलताय, त्यांना उत्तर तरी देऊ द्या."

"वकीलबाई," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "लिवलं की बोभाटा झाला. बाईमानसाची उगा बदनामी. तिच्याच भल्यासाठी म्हनतोय मी."

ते मनापासून म्हणत होते. तो माणूस लबाड नाही. आणि वकीलबाईंची तिथंच कोंडी झाली. विरोध नोंदवायचा तर कारण नोंदवायला हवं, कारण नोंदवलं तर बाईंचा आजार कायमचा वहीत जाणार, आणि वही उद्या कुणीही मागू शकतो. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, तुम्ही हे बोलायला नको होतं." मी चष्मा पुसत बसलो.

मग पेन उचललं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सांगोपांग चर्चेअंती सर्वानुमते ठरले की ज्येष्ठ शिक्षिकेचे म्हणणे जाणून घ्यावे व त्यानुसार पुढील कार्यवाही करावी.' म्हणणं जाणून घेणं म्हणजे नकारपत्र आणणं. ते कुणी आणायचं यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळी मी बाईंकडे गेलो. त्या म्हाताऱ्या आईबरोबर दोन खोल्यांत राहत. मला बघून त्यांना आनंद झाला, बातमी आणली असं वाटलं असणार. मी बसायच्या आत त्यांनी एक शंभरपानी वही पुढे केली. जूनपासून काय काय करायचं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. प्रयोगशाळेला कुलूप घालायचं नाही. मुलींच्या संडासाच्या दारांना आतून कड्या. कोल्हारहून येणाऱ्या मुलांची एसटी उशिरा येते म्हणून पहिला तास प्रार्थनेनंतर दहा मिनिटं थांबवायचा. मी पानं उलटत राहिलो, कारण मान वर करायची नव्हती.

शेवटी सांगितलं. मंडळाचं मत वेगळं पडलंय, म्हटलं.

"कुणाचं?"

"मंडळाचं. सर्वानुमते."

"कोण काय म्हणालं सर?"

"बाई, आतलं बोलता येत नाही. तुम्हाला रीत माहीत आहे."

"कारण तरी सांगाल?"

इथं मी म्हणू शकलो असतो, की कारण विचारू नका, पण सही करू नका. नियम तुमच्या बाजूनं आहे. हे सांगून कुठलीच गोपनीयता मोडत नव्हती. नियम तर छापील आहे. मी म्हणालो, "धावपळीचं काम आहे. नगरच्या फेऱ्या. तब्येतीचा विचार करून..."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. आतल्या खोलीत आई होती, म्हणून त्या हळू बोलल्या, "त्यांना माहीत आहे?"

मी "नाही" म्हणालो. लगेच म्हणालो. इतक्या पटकन आणि इतक्या सहज, की मलाच नवल वाटलं. वर आणखी म्हणालो, "पण तुम्ही हक्काचा आग्रह धरलात तर विचारपूस होईल. वैद्यकीय दाखले वगैरे मागतील. तेव्हा निघेल सगळं."

अशी काही तपासणी होणार नव्हती. ती मी तिथल्या तिथे रचली. बाई वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत होत्या. बहिणीची मुलगी तेव्हा लग्नाची होती. मग म्हणाल्या, "नको सर. ते कळण्यापेक्षा हे पद नको." माझ्या खिशात मसुदा तयारच होता. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझा सेवाज्येष्ठतेचा हक्क स्वखुशीने सोडत आहे.' त्यांनी तो आपल्या अक्षरात उतरवला आणि सही केली. सहा जणांना माहीत झालेलं गुपित राखण्यासाठी त्यांनी आपला हक्क सोडला, आणि ती सही घेऊन मी बाहेर पडलो. जाताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून बरं झालं. दुसरं कुणी आलं असतं तर मला नीट बोलताही आलं नसतं."

पुढची तीन वर्षं बाईंनी पूर्वीसारखंच शिकवलं. तरुण सरांनी शाळा चांगली चालवली, हेही खरं आहे. कुणी मला विचारलं, की बाईंनी पद का घेतलं नाही, तर मी पूर्वीसारखा हसायचो. जमत नव्हतं, पण हसायचो.

मग बाईंचा सेवापूर्ती समारंभ झाला. मांडवात सगळं गाव, व्यासपीठावर आम्ही मंडळाचे सातही जण आणि बाई. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. विद्यार्थ्यांचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, आणि मग म्हणाल्या, "एक गोष्ट आज सांगते. मला लहानपणापासून फिटचा आजार आहे." त्यांनी माईक जरा जवळ ओढला. "आजवर लपवला. आता भाचीचंही लग्न होऊन ती सुखात आहे, कुणासाठी लपवायचं कारण उरलं नाही. शिवाय वर्गात असा आजार असलेली मुलं असतात, त्यांना कळू दे की गोळ्या वेळेवर घेतल्या तर माणूस तेवीस वर्षं गणित शिकवू शकतो." टाळ्या पडल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे या शाळेत फक्त एका माणसाला माहीत होतं. सरांना. त्यांनी इतकी वर्षं जिवाभावानं राखलं. कुणाला कळू दिलं नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

आता आणखी जोरात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. व्यासपीठावर माझ्या डाव्या-उजव्या बाजूला सहा माणसं बसली होती आणि ती समोर बघत होती. वकीलबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. अध्यक्षांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "सर, काळजी नका करू. आमच्यातून कुनी बोलायचं न्हाई."

सूत्रसंचालकानं मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठलो, बाईंना निरोगी आयुष्य चिंतलं आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे गेलो. चहा ठेवायला उठल्या, तर मी म्हटलं, आधी बसा. आणि सगळं सांगितलं, एप्रिलच्या बैठकीपासून. 'फक्त' म्हणून कसा थांबलो तेही सांगितलं. त्या 'नाही'बद्दल सांगितलं. वैद्यकीय दाखल्यांबद्दल सांगितलं. मला वाटत होतं त्या रडतील किंवा मला घालवून देतील, आणि दोन्हीची माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही बोलायच्या आधी माझ्या बाजूचे किती होते?"

"तीन."

"विरुद्ध?"

"तीन."

गणिताच्या बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. त्या पदरानं टेबलाची कड पुसू लागल्या. "तीन वर्षं मी समजत होते, सात माणसांना मी नको होते," त्या म्हणाल्या. "रोज त्यांना नमस्कार करताना तेच मनात यायचं. वकीलबाईंशी तर मी बोलणंच टाकलं."

"चूक झाली बाई. माफी मागायला आलोय."

"माफीचं बघू नंतर." आवाज चढलेला नव्हता. "सर, हे आत्ता मला जे सांगितलंत ते लिहून द्या. माझा आजार सगळ्या गावाला माहीत झाला आहे, त्यामुळे माझी काळजी नको. पुढच्या बैठकीत प्रोसिडिंगला जोडा. मी स्वखुशीनं हक्क सोडला असं त्या दप्तरात लिहिलंय. ते खोटं आहे, एवढंच तिथं असू दे."

यात न देण्यासारखं काय होतं? झाकायचं होतं ते त्यांचं होतं, आणि ते त्यांनी आदल्या दिवशी मांडवात उघड केलं होतं. झाकलेलं उरलं होतं ते फक्त माझं. मी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं जे आलं तेच बाहेर पडलं.

"तसं मंडळाला विचारावं लागेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, बाहेरचं दार उघडलं आणि मी चप्पल घालून पायरी उतरेपर्यंत ते धरून उभ्या राहिल्या.